दुखणं हाडांचं, बिघाड किडनीचा

मैत्रिणींनो, या वेळचा आरोग्याचा पाठ एका धातूवर आहे. त्याचं नाव कॅडमियम. नाव परकं वाटेल, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ते न कळत ऐकलेलं आहे. सोनाराकडं गेल्यावर "केडीएमचा दागिना" म्हणतात ना, त्यातलं केडीएम म्हणजे कॅडमियमच. दागिन्याला टाका लावताना ते सोन्यात मिसळायचे. टाका तापला की त्याची वाफ होते आणि ती थेट कारागिराच्या छातीत जाते, म्हणून ही पद्धत आता मागे पडली. दागिना अंगावर घालणारीला त्यातून फारशी भीती नाही, भोगतो तो टाका लावणारा. ज्या गटांचा गांडूळखताचा व्यवसाय आहे त्यांनी तर हा शब्द छापील पाहिला असेल. खताच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये कॅडमियमचा रकाना असतो. एका किलो खतात ते ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

५ मिलिग्रॅम म्हणजे चिमटीभर मिठातला एक बारीकसा भाग. पिण्याच्या पाण्याची मर्यादा तर याहून कितीतरी कडक, लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. एवढ्याशा गोष्टीला एवढं का घाबरायचं? कारण शरीरात गेलेलं कॅडमियम सहजासहजी बाहेर पडत नाही. आज गेलेल्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे लग्न होऊन आलेल्या सुनेच्या पोटात जे गेलं, त्यातलं बरंचसं ती सासू होईपर्यंत किडनीतच बसलेलं असतं. आणि ते दुखतं कुठं, तर कंबरेत, मांड्यांत, बरगड्यांत. किडनीकडं कुणाचं लक्षच जात नाही.

हे जगाला कळलं ते जपानमधल्या शेतकरी बायकांमुळं. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्यासारख्याच बायकांची आहे.

जपानच्या पश्चिम किनाऱ्याला तोयामा नावाचा प्रांत आहे. तिथून जिन्झू नदी वाहते. काठाला भातखाचरं. नदीचं पाणी पाटानं खाचरात, तेच पाणी प्यायला, तेच स्वयंपाकाला. नदीच्या वरच्या अंगाला डोंगरात कामिओका नावाची खाण होती, मित्सुई कंपनीची. तिथं जस्त आणि शिसं काढायचे. कॅडमियम हे जस्ताच्या दगडात मिसळूनच येतं. जस्त काढून घेतलं की उरलेला गाळ नदीत, आणि गाळातलं कॅडमियम नदीवाटे खाचरात. भात ते मुळातून उचलतं आणि दाण्यात साठवतं. भाताचं एक वैशिष्ट्य असं की खाचर पाण्याखाली असेपर्यंत कॅडमियम मातीत बऱ्यापैकी अडकून राहतं. कापणीआधी पाणी सोडून दिलं, जमीन सुकली, की ते सुटं होतं आणि नेमकं दाणा भरताना वर चढतं. पीक मात्र वरून छान दिसतं. चवीत फरक नाही, वासात नाही.

त्या गावांत चाळिशी-पन्नाशीच्या बायका एकेक करून दुखायला लागल्या. आधी कंबर आणि मांड्या. मग चाल बदलायची, बदकासारखी डुलत चालायच्या. मग साधी ठेच लागली तरी हाड मोडायचं. शेवटी अंथरूण. खोकला आला तरी बरगडी तुटायची, कुणी हात लावला तरी किंचाळायच्या. आणि डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत, सगळं कळत असायचं. "इताई, इताई" म्हणून ओरडायच्या. जपानी भाषेत इताई म्हणजे "दुखतंय". रोगाचं नाव तेच पडलं, इताई-इताई. १९५५ साली ते वर्तमानपत्रात छापून आलं.

तोवर लोक काय म्हणायचे? कुणी घराण्याचा शाप म्हणे, कुणी मागच्या जन्मीचं कर्म. शिकलेले लोक म्हणायचे की खाणं नीट नाही, कष्ट फार, म्हणून असं होतं. अशा घरात मुलगी द्यायला लोक कचरायचे, त्यामुळं घरचे आजारी बाईला लपवून ठेवायचे. (वाचताना तुम्हाला आपल्याकडच्या काही आजारांची आठवण आली असेल. मलाही आली.)

तिथं गावातच दवाखाना असलेले एक डॉक्टर होते, नोबोरू हागिनो. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये ते घरी परतले आणि वडिलोपार्जित दवाखाना चालवू लागले. त्यांनी एक साधं काम केलं. नकाशा घेतला आणि प्रत्येक आजारी बाईच्या घरावर एक ठिपका ठेवला. ठिपके पडले ते सगळे जिन्झूच्या पाटाखालच्या गावांत. शेजारच्या दुसऱ्या नद्यांच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांत ठिपका नाही. आपण गाव-आराखडा करताना जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढतो, विहिरी दाखवतो, घरं दाखवतो, तसंच हे. शाप असता तर तो पाटाचं पाणी बघून थोडाच लागला असता?

१९५७ साली त्यांनी खाणीकडं बोट दाखवलं. डॉक्टरांच्या बैठकीत टीका झाली, खेड्यातला डॉक्टर म्हणून हेटाळणीही झाली. मग शेतीचे जाणकार किन-इची योशिओका आणि पाण्याचा अभ्यास करणारे रसायनतज्ज्ञ जुन कोबायाशी यांच्या मदतीनं त्यांनी कॅडमियमचं नाव पुढं आणलं. जपान सरकारनं ते मान्य केलं ८ मे १९६८ ला. पुढं ज्या रुग्णांची सरकारी नोंद झाली ते दोनशेच्या आसपास, आणि त्यात जवळजवळ सगळ्या बायका. त्याआधी मरून गेलेल्या या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

आता आपला मुख्य धडा. धातू किडनीत साठला, तर हाडं का मोडली?

किडनीचं काम आपल्याला "गाळणी" म्हणून शिकवलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. डाळ निवडताना आपण काय करतो? डाळ ठेवतो आणि खडे उचलून टाकतो. किडनी उलटं करते. ती आधी जवळजवळ सगळंच खाली सांडते आणि मग कामाचं तेवढं परत वेचून घेते. दिवसभरात आपल्या दोन्ही किडन्या मिळून सुमारे १८० लिटर पाणी गाळून खाली सोडतात, म्हणजे मोठं पिंप भरेल एवढं. लघवी होते दीड-दोन लिटर. मधलं सगळं परत रक्तात गेलं. त्या पाण्याबरोबर साखर, फॉस्फेट, कॅल्शियम, बारीक प्रथिनं, सगळं परत वेचलं गेलं. हे वेचायचं काम गाळणीच्या खाली असलेल्या बारीक नळ्या करतात. एका किडनीत अशा साधारण दहा लाख नळ्या असतात.

कॅडमियम पोटातून आधी यकृतात जातं. शरीराला कळतं की हे विष आहे, म्हणून यकृत त्याला एका प्रथिनात बांधून टाकतं, गाठोडं बांधावं तसं. त्या प्रथिनाला मेटॅलोथायोनिन म्हणतात (नाव लक्षात ठेवायची गरज नाही). बांधलेलं असेपर्यंत ते फारसं छळत नाही. पण हळूहळू ही गाठोडी रक्तातून किडनीत येतात आणि गाळणीतून खाली पडतात. नळी बघते, अरे हे तर प्रथिन, कामाचं आहे, आणि उचलून आत घेते. आत गाठोडं सुटतं आणि कॅडमियम मोकळं होतं. चांगलं वेचण्याची जी सवय, तिच्यामुळंच नळी स्वतः विष खाते. वर्षानुवर्षं असं साठत गेलं की एका मर्यादेनंतर वेचणाऱ्या पेशी मरायला लागतात.

आणि वेचणारंच कुणी उरलं नाही, तर जे सांडलं ते सांडलं. फॉस्फेट लघवीतून जातं, कॅल्शियम जातं, साखर जाते, बारीक प्रथिनं जातात. हाड हे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचंच बनलेलं असतं. रक्तात ही खनिजं कमी पडली की शरीर हाडातून काढून भरपाई करतं, जशी अडीनडीला आपण बचतीतून रक्कम काढतो. फरक एवढाच की इथं परतफेड होत नाही. लघवीत कॅल्शियम वाढल्यानं खडे होण्याची शक्यताही वाढते. कॅडमियमच्या कारखान्यात काम करणाऱ्या कामगारांत मुतखड्याचं प्रमाण जास्त दिसलेलं आहे.

एवढ्यावर भागत नाही. ड जीवनसत्त्व आपल्याला उन्हातून मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण उन्हातून मिळालेलं ड जीवनसत्त्व कच्चं असतं. आधी यकृतात आणि मग किडनीच्या याच नळ्यांत ते पक्कं होतं, तेव्हा कुठं ते अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून शोषायला मदत करतं. नळ्या बिघडल्या की तोही कारखाना मंदावतो. खालून कॅल्शियम गळतंय आणि वरून येणंही कमी झालंय. हाड मग नुसतं ठिसूळ होत नाही, मऊ पडतं, वाकतं. जपानच्या त्या बायकांची उंची कमी झाली होती, कारण पाठीचे मणके दबले होते. त्यांना ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिल्यावर दुखणं उतरायचं, पण किडनीच्या नळ्या काही परत येत नव्हत्या.

तेच पाणी आणि तोच भात पुरुषही घेत होते. त्यांच्याही लघवीत बिघाड सापडला. मग अंथरुणाला खिळल्या त्या बायकाच का? याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

कॅडमियमला आतड्यात शिरायला स्वतःचं दार नाही. ते लोहाच्या दारातून घुसतं. रक्तात लोह कमी असलं की शरीर हे दार जास्त उघडतं, मिळेल तेवढं लोह घ्यावं म्हणून, आणि त्यातून कॅडमियमही जास्त आत येतं. एरवी अन्नातलं शंभरातलं पाचेक भाग कॅडमियम शरीर घेतं. रक्त कमी असलेल्या बाईचं शरीर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त घेऊ शकतं. पाळी, बाळंतपणं, अंगावर पाजणं यानं बाईचं लोह आणि कॅल्शियम दोन्ही उतरत असतं. त्या गावांतल्या बायकांची बरीच बाळंतपणं झालेली होती. पाळी गेल्यावर हाडं तशीही झिजतात. त्यात तोयामा हा बर्फाचा, ढगाळ प्रदेश, ऊन कमी. म्हणजे विष सगळ्यांनी सारखंच खाल्लं, पण ज्यांच्या शरीराची तिजोरी आधीच रिकामी होती त्या कोसळल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. ते लाल गोळ्यांचं पाकीट कपाटावर पडून असतं ना, त्याकडं जरा या नजरेनं बघा. लोहाची गोळी हिमोग्लोबिनसाठी आहेच, पण भरलेलं लोह हे असल्या धातूंना दार बंद करण्याचं कामही करतं.

आता आपल्याकडं हे कॅडमियम कुठून येऊ शकतं? घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आपल्या गावात इताई-इताई आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण थोडं थोडं येण्याच्या वाटा आहेत.

पहिली आणि आपल्या हातातली वाट म्हणजे तंबाखू. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवण्यात पटाईत आहे. बिडी-सिगारेटच्या धुरातून ते सगळ्यात सोपं आत जातं, कारण फुप्फुस आतड्यापेक्षा कितीतरी जास्त कॅडमियम शोषतं. ओढणाऱ्यांच्या शरीरात न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं. घरात कुणी ओढत असेल तर धूर घरातल्यांच्याही वाट्याला येतो. आणि आपली मिश्री? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. भाजल्यानं धातू जळून जात नाही. मिश्री हिरड्यांना चोळताना तिच्यातलं काही लाळेबरोबर पोटात जातंच. बैठकीत मिश्रीचा विषय काढला की हमखास एक ताई म्हणतात, "अगं पोरी, मिश्रीशिवाय माझं पोट साफ होत नाही." सगळ्या हसतात आणि विषय संपतो. तर ताई, पोटासाठी सकाळी कोमट पाणी प्या, भाजी-भाकरी वाढवा. रक्त कमी, पाळी जाण्याच्या बेतात आणि दिवसातून तीन वेळा मिश्री, हे त्रिकूट हाडांसाठी वाईट आहे. तोंडाच्या कॅन्सरचं तर वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट भंगाराची. जुन्या चार्जिंगच्या बॅटऱ्या, विशेषतः जुन्या इमर्जन्सी दिव्यांतल्या आणि बिनतारी फोनमधल्या, त्यांत निकेल आणि कॅडमियम असतं. त्या फोडू नका, चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नका, पोरांच्या हातात देऊ नका. ज्या बायका भंगार वेचतात किंवा निवडतात त्यांनी हातमोजे घालावेत आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये, तंबाखू मळू नये. सुक्या कचऱ्यात बॅटरी वेगळी ठेवायचा ठराव ग्रामसंघात करता येतो. त्याला पैसा लागत नाही.

तिसरी वाट शेताची. सुपर फॉस्फेटसारखी खतं ज्या दगडापासून बनतात त्यात थोडं कॅडमियम असतंच, दगडागणिक कमी-जास्त. शहराच्या सांडपाण्यातून, कारखान्याच्या पाण्यातून ते जास्त येऊ शकतं. जमीन आम्लधर्मी असली तर पीक ते जास्त उचलतं, चुनखडीच्या जमिनीत ते बरंचसं धरून ठेवलं जातं. म्हणून आपल्या काळ्या जमिनीत त्या मानानं भीती कमी, कोकणातल्या आंबट जांभ्या मातीत जास्त लक्ष द्यावं लागतं. कारखान्याच्या सांडपाण्यावर पालेभाजी करणं मात्र कुठल्याच जमिनीत नको. आणि यावरून पालेभाज्या खाणं बंद करू नका! साध्या शेतातली भाजी सोडली तर लोह आणखी उतरेल, म्हणजे उलटाच परिणाम. भाजीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा घेऊ नका. नाचणी आणि तीळ कॅल्शियमसाठी आहेतच. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, एक सकाळी आणि एक रात्री अशी ठेवा.

पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटतं आणि धातू तेवढाच राहतो. तुरटी किंवा क्लोरीनवरही भरवसा ठेवता येत नाही. गावाजवळ खाण, धातूचा कारखाना किंवा बॅटरीचं काम असेल तर पाणी धातूंसाठी वेगळं तपासायला सांगावं लागतं, नेहमीच्या जंतूंच्या तपासणीत ते दिसत नाही.

जपानच्या गावकऱ्यांनी पुढं काय केलं ते सांगायचं राहिलं. १९६६ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली आणि १९६८ मध्ये कोर्टात गेले. १९७१ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला, कंपनीनं अपील केलं, १९७२ मध्ये वरच्या कोर्टातही तेच जिंकले. त्यानंतर कंपनीकडून त्यांनी जे लिहून घेतलं ते मला पैशापेक्षा मोठं वाटतं. गावकरी हवं तेव्हा आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीत तपासणीला जाणार आणि खर्च कंपनी देणार. तेव्हापासून दरवर्षी गावकरी खाणीत जाऊन पाणी, नाले, गाळाचे साठे तपासत आले. नदीचं पाणी आज स्वच्छ आहे. खाचरांची माती सुधारायचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं, खराब माती खाली गाडून वर चांगली माती टाकत, साडेआठशे हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर.

शेवटी दवाखान्याबद्दल, कारण हा भाग सीआरपी ताईंना बैठकीत हमखास विचारला जाईल. अंग दुखतं, हाडं दुखतात, यामागं बहुतेक वेळा ड जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची कमतरता, रक्तक्षय किंवा पाळी गेल्यानंतरची झीज असते. किडनी बिघडण्याचं मोठं कारणही आपल्याकडं साखर आणि बीपी हेच आहे. त्यामुळं दुखलं की कॅडमियम, असं समजू नका. पण "वय झालं", "बायकांचं असंच असतं" एवढ्यावर घरी परतूही नका. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणं हे तर किडनीला आणखी एक ओझं. महिनाभर कंबर-मांड्या-बरगड्या दुखत असतील, चाल बदलली असेल, किरकोळ धक्क्यानं हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, असं विचारा.

आणि नुसतं "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" यावर शंका पूर्ण फिटत नाही. क्रिएटिनिन गाळणी कशी चालते ते सांगतं, वेचणाऱ्या नळ्या बिघडल्या तरी ते बराच काळ नॉर्मल राहू शकतं. लघवीत पट्टी बुडवून जी प्रथिनांची तपासणी होते, तीही मोठं प्रथिन पकडते. नळ्यांतून गळणारी बारीक प्रथिनं तिच्यातून निसटतात, त्यासाठी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाची वेगळी तपासणी असते आणि ती मोठ्या प्रयोगशाळेतच होते. रक्तात साखर नॉर्मल असून लघवीत साखर दिसली, तर तीही नळ्यांच्या बिघाडाची खूण असू शकते. असा रिपोर्ट कुणाच्या हातात असेल तर फाडून टाकू नका. ज्यांनी बॅटरीच्या, धातू वितळवण्याच्या किंवा भंगाराच्या कामावर काही वर्षं काढली आहेत त्यांनी डॉक्टरांना हे आपणहून सांगावं. माहेरी असताना केलेलं काम असलं तरी सांगावं, कारण वीस वर्षांपूर्वीचं कॅडमियमही अजून शरीरात असू शकतं आणि डॉक्टर आजचा पत्ता विचारतात, तेव्हाचा नाही.